३४ सेकंदांचा कटऑफ

बोस्टन मॅरेथॉनला नुसते पैसे भरून पळता येत नाही, आधी वेळ काढून दाखवावी लागते. ती वेळ काढायची तर सगळ्यात आधी शिकावं लागतं ते हळू पळायला. पहाटे उठून हे शिकत असलेल्या एका इंटर्नचा अनुभव.

बारावीनंतर पहिली मेरिट लिस्ट लागली तो दिवस आठवा. वेबसाइट हँग झालेली, घरातले सगळे मोबाइलभोवती जमलेले आणि तुमचं नाव कटऑफच्या वर की खाली, एवढाच जगातला एकमेव प्रश्न. आता कल्पना करा, ही लिस्ट वयाच्या साठीत लागली तर?

आमच्या रनिंग ग्रुपमध्ये एक काका आहेत. बँकेतून निवृत्त, वय साठच्या पुढे, डोक्यावर कायम तीच विटकी टोपी. गेल्या जानेवारीत त्यांनी मुंबईची फुल मॅरेथॉन ३ तास ४६ मिनिटांत पूर्ण केली. त्यांच्या वयोगटासाठी बोस्टनचा निकष आहे ३ तास ५० मिनिटं. म्हणजे चार मिनिटं राखून पास! ग्रुपवर पेढ्यांचे फोटो पडले, काकूंनी व्हिसाची चौकशीही करून ठेवली. सप्टेंबरात अर्ज भरला. आणि महिन्याअखेरीस उत्तर आलं की यंदा निकषापेक्षा किमान ४ मिनिटं ३४ सेकंद आधी पोचलेल्यांनाच प्रवेश आहे. काका ३४ सेकंदांनी हुकले.

४२ किलोमीटर पळायचं आणि ३४ सेकंदांनी राहायचं. तेवढ्या वेळात आपण चहाला फुंकरही मारून होत नाही.

मला वाटलं, दुसऱ्या दिवशी काका येणार नाहीत. ते आले. नेहमीसारखं अगदी सावकाश आठ किलोमीटर पळाले. मी न राहवून विचारलं, तर म्हणाले, ‘पोरी, ते ३४ सेकंद जानेवारीत गेलेच नाहीत. ते आदल्या नोव्हेंबरात गेले. पुतण्याचं लग्न होतं, तीन रविवार लाँग रन बुडवले होते.’

ही गोष्ट तुम्हाला सांगतेय, कारण मलाही बोस्टनला पात्र व्हायचंय. आणि काकांचं ते वाक्य कळायला मला एक दुखरी नडगी आणि तीन महिने मोजावे लागलेत.

निकष नावाची भानगड

आधी थोडी माहिती. बोस्टन मॅरेथॉन १८९७ पासून होतेय. दरवर्षी होणाऱ्या मॅरेथॉनमधली ही जगातली सगळ्यात जुनी. एप्रिलच्या तिसऱ्या सोमवारी, हॉपकिंटन नावाच्या गावातून निघून बोस्टन शहरात संपते. बाकी बहुतेक मोठ्या शर्यतींत हौशी धावपटूंना लॉटरीने किंवा ‘आधी येईल त्याला आधी’ अशा पद्धतीने जागा मिळते. बोस्टनमध्ये सामाजिक संस्थांसाठी निधी उभारून काही जण पळतात, पण बहुतेकांना मोजमाप प्रमाणित असलेल्या दुसऱ्या एखाद्या मॅरेथॉनमध्ये ठरलेल्या वेळेच्या आत पळून दाखवावं लागतं. आपली मुंबई मॅरेथॉन अशा शर्यतींपैकी एक.

२०२६ च्या शर्यतीसाठी १८ ते ३४ वयोगटातल्या मुलांना निकष होता २ तास ५५ मिनिटं आणि मुलींना ३ तास २५ मिनिटं. शर्यतीच्या दिवशी तुमचं जे वय असेल ते धरतात. माझं वय २२. म्हणजे मला प्रत्येक किलोमीटर ४ मिनिटं ५१ सेकंदांत पळायला हवा, आणि तसे सलग ४२. मुलांनो, तुमच्यासाठी हाच आकडा ४ मिनिटं ९ सेकंदांच्या आसपास येतो. एकदा ग्राउंडवर जाऊन एकच किलोमीटर या वेगाने पळून बघा, मग पुढचं वाचा.

पळालात? आता यातली खरी मेख. निकष पूर्ण केला म्हणजे फक्त अर्ज करता येतो. जागांपेक्षा अर्ज जास्त आले की आयोजक सगळ्यात वेगवान धावपटूंपासून यादी भरत जातात आणि जागा संपतात तिथे रेघ मारतात. २०२५ च्या शर्यतीसाठी ३६ हजारांहून जास्त जणांनी अर्ज केला आणि त्यातल्या १२ हजारांहून जास्त जणांना नकार मिळाला. हे सगळे निकष पूर्ण केलेले लोक, बरं का! त्या वर्षी रेघ निकषापेक्षा ६ मिनिटं ५१ सेकंद वर होती. मग २०२६ साठी साठ वर्षांखालच्या सगळ्यांचा निकषच पाच मिनिटांनी कडक केला. तरी आणखी ४ मिनिटं ३४ सेकंद लागलेच. म्हणजे माझ्या वयाच्या मुलीला यंदा प्रत्यक्षात ३:२५ नाही, ३:२०:२६ हवे होते.

ओळखीचं वाटतंय ना? पात्रता ५० टक्के आणि अ‍ॅडमिशन ९३ ला बंद, तसंच हे.

पळवाटाही शोधल्या जातातच. काही शर्यती डोंगरावरून खाली उतरतात, त्यात आपोआप चांगली वेळ निघते. २०२७ पासून अशा फार उताराच्या मार्गांवरच्या वेळेत आयोजक पाच ते दहा मिनिटं वाढवून धरणार आहेत. तेव्हा खंडाळ्याचा घाट उतरून बोस्टन गाठू, असा कुणाचा विचार असेल तर सोडून द्या.

निकषाचा इतिहासही भारी आहे. १९७० मध्ये तो पहिल्यांदा आला, तेव्हा चार तासांच्या आत शर्यत संपवण्याइतका सराव झालाय एवढंच दाखवायचं होतं. येत्या जानेवारीत मुंबईत मी माझी पहिली फुल मॅरेथॉन पळणार आहे आणि माझं लक्ष्य नेमकं चार तासांच्या आत यायचं आहे. म्हणजे १९७० मध्ये मी पात्र ठरले असते? छे! तेव्हा बायकांना प्रवेशच नव्हता. तो अधिकृतपणे मिळाला १९७२ मध्ये. त्याआधी १९६६ मध्ये बॉबी गिब नावाची मुलगी सुरुवातीच्या रेषेजवळच्या झुडपात लपून बसली आणि गर्दीत घुसून अख्खी शर्यत पळाली. पुढच्या वर्षी कॅथरीन स्विट्झरने फक्त आद्याक्षरं लिहून अर्ज भरला आणि २६१ नंबर लावून पळाली. धावता धावता एका अधिकाऱ्याने तिला ओढून बाहेर काढायचा प्रयत्न केला, त्याचे फोटो जगभर गाजले.

गिबची वेळ होती ३ तास २१ मिनिटं ४० सेकंद. आजच्या निकषात ती बसते. पण यंदाच्या कटऑफला तीसुद्धा सव्वा मिनिटाने हुकली असती.

‘हळू पळ!’

आता माझी गोष्ट. मी मूळची सातारा जिल्ह्यातली, शिक्षणासाठी पुण्यात. ज्या जिल्ह्यातल्या मोहीसारख्या दुष्काळी गावातून ललिता बाबर निघते, मुंबई मॅरेथॉन गाजवते आणि २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये स्टीपलचेसची अंतिम फेरी गाठते, त्या जिल्ह्यात पळणाऱ्या मुलीला ‘कुणी मागे लागलंय का?’ असं विचारत नसतील, असा तुमचा समज असेल. माझ्या बाबांनी विचारलं होतं.

मागच्या वर्षी मी हाफ मॅरेथॉन १ तास ४९ मिनिटांत पळाले आणि डोक्यात हवा गेली. हिशेब मांडला की रोज थोडी थोडी वेगात पळत गेले तर वर्षभरात बोस्टन पक्कं. मी आपल्याला परीक्षेची सवय आहे तशीच तयारीला लागले. म्हणजे वर्षभर टिवल्याबावल्या आणि सबमिशनच्या आदल्या दिवशी नाइट. इथे फक्त रोजच नाइट मारत होते. प्रत्येक रन जीव तोडून. धाप लागली नाही तर व्यायाम झालाच नाही असं वाटायचं. स्ट्राव्हावर लाइक्स पडायचे तो आनंद वेगळाच.

सहा आठवड्यांत उजवी नडगी ठणकायला लागली. आधी पळताना, मग जिने उतरताना, मग नुसतं बसल्या बसल्या. त्याच सुमारास माझी पाळी दोन महिने आली नाही. खरं सांगते, मला तेव्हा बरंच वाटलं होतं. कटकट वाचली! मेसचा एक वेळचा डबाही मी बंद केला होता, कारण हलकं असलं की वेगात पळता येतं असं कुठल्या तरी रीलमध्ये ऐकलं होतं.

डॉक्टर मॅडमनी रिपोर्ट बघून आधी पळण्याबद्दल विचारलंच नाही. विचारलं, ‘जेवतेस काय?’ मी सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘एवढ्यावर तर माझी आईसुद्धा भागवत नाही, आणि ती दिवसभर टीव्ही बघते.’

शरीर खर्च करतंय त्या मानाने खाणं कमी पडलं की ते बचत सुरू करतं. पाळी बंद करतं, हाडांची डागडुजी थांबवतं. २०१४ पासून आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने याला स्वतंत्र नाव दिलंय, ‘रेड-एस’. हे मुलांनाही होतं, फक्त त्यांना पाळीसारखी धोक्याची घंटा नसते. मैत्रिणींनो, पळायला लागल्यावर पाळी चुकली तर ती फिटनेसची खूण समजू नका. डॉक्टरकडे जा. माझ्या नडगीचं हाड मोडायच्या बेतात आलं होतं. तीन महिने पळणं बंद, आणि डबा दोन्ही वेळचा.

तीन महिन्यांनी परत ग्राउंडवर आले तेव्हा काकांनी मला एकच नियम घालून दिला. पळताना मला एक आख्खं वाक्य न थांबता बोलता आलं पाहिजे. नाही आलं, तर वेग जास्त आहे.

तुम्हाला सांगते, याइतकी अपमानास्पद गोष्ट नाही. पहिल्या आठवड्यात एक आजोबा मला चालत मागे टाकून गेले, तेही फोनवर बोलत. स्ट्राव्हा मी प्रायव्हेट केलं. पण महिनाभरात लक्षात आलं की मी आठवड्याला २५ वरून ४० किलोमीटरवर गेलेय आणि कुठेच दुखत नाहीये.

यामागे शास्त्र आहे. सावकाश पळताना हृदय जास्त रक्त ढकलायला शिकतं, स्नायूंमध्ये बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं वाढतं आणि शरीर साखर राखून चरबी जाळायला शिकतं. शेवटची गोष्ट मॅरेथॉनमध्ये फार कामाची, कारण शरीरात साठवलेली साखर साधारण तिसाव्या किलोमीटरच्या पुढे संपत येते. धावपटू ज्याला ‘वॉल’ म्हणतात ती भिंत हीच. दुसरं म्हणजे दम महिन्या-दोन महिन्यांत वाढतो, पण हाडं आणि स्नायुबंध इतक्या लवकर तयार होत नाहीत. दम म्हणतो चल, नडगी म्हणते थांब. माझं नेमकं हेच झालं होतं.

स्टीफन सायलर नावाच्या अभ्यासकाने जगातल्या अव्वल धावपटू, सायकलपटू, स्कीअर्सचा सराव तपासला, तेव्हा साधारण ८० टक्के सराव सोपा आणि २० टक्के कठीण, असं प्रमाण पुन्हा पुन्हा दिसलं. त्याच्या कितीतरी आधी न्यूझीलंडच्या आर्थर लिडियार्ड या प्रशिक्षकाने तर ८०० मीटर पळणाऱ्या पीटर स्नेललाही आठवड्याला दीडशेच्या आसपास किलोमीटर पळायला लावलं होतं. दोन मिनिटांत संपणाऱ्या शर्यतीसाठी! स्नेलने १९६० च्या रोम ऑलिम्पिकमध्ये सुवर्णपदक जिंकलं.

माझा आठवडा

सध्या मुंबईला नऊ आठवडे उरलेत. माझा आठवडा असा असतो. सोमवारी पूर्ण सुट्टी. मंगळवारी कसोटीचा दिवस, एक एक किलोमीटर वेगात, असे पाच, मध्ये तीन मिनिटं जॉगिंग. बुधवारी सावकाश आठ. गुरुवारी मधला वेग, म्हणजे अर्धा तास असं पळायचं की दोन-तीन शब्दच बोलता यावेत. शुक्रवारी पळणं नाही. स्क्वॉट्स, लंजेस, पोटऱ्यांचे व्यायाम. शनिवारी पुन्हा सावकाश. आणि रविवारी लाँग रन, सध्या २६ किलोमीटर, किलोमीटरला साडेसहा मिनिटांच्या वेगाने. पहाटे पाचला निघतो, खिशात खजूर आणि राजगिऱ्याची चिक्की. पळता पळता खायचाही सराव लागतो. दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत आणि पोटाला ते आधीपासून माहीत असावं लागतं. शर्यतीच्या दिवशी पहिल्यांदाच काहीतरी नवीन खाल्लेल्या लोकांच्या ज्या कहाण्या मी ऐकल्यात, त्या या पानावर छापता येणार नाहीत.

शेवटचे दोन-तीन आठवडे अंतर कमी कमी करत न्यायचं. यालाच टेपर म्हणतात. सगळ्यात अवघड भाग हाच म्हणे, कारण हात शिवशिवतात. म्हणजे पाय.

आता प्रामाणिक हिशेब. माझ्या हाफच्या वेळेवरून अंदाज बांधला तर आज मी सगळं नीट जमल्यास फुल पावणेचार ते चार तासांत पळेन. बोस्टनचा खरा कटऑफ ३:२० च्या आसपास. म्हणजे किमान पंचवीस मिनिटं कमी करायची आहेत. काका म्हणतात दोन ते तीन वर्षं. त्यात हेही लक्षात घ्या, की मुंबईची शर्यत जानेवारीत, अर्ज सप्टेंबरात आणि प्रत्यक्ष बोस्टन पुढच्या एप्रिलमध्ये. आज वेळ काढली तरी सव्वा वर्ष थांबायचं. दहा मिनिटांत डिलिव्हरी मागवणाऱ्या आपल्या पिढीला हे पचायला जड आहे. मलाही आहे.

‘ताई, यातून काय मिळतं?’

आमच्या ग्राउंडवर पहाटे दोन प्रकारचे लोक पळतात. एक आम्ही, घड्याळवाले. दुसरे पोलीस भरतीवाले. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक. त्यांच्यातली एक मुलगी साधारण माझ्याच वयाची. रोज येते आणि रोज ८०० मीटर जीव खाऊन पळते. संपलं की गुडघ्यांवर हात ठेवून पाच मिनिटं वाकलेली.

एकदा तिने मला विचारलं, ‘ताई, तुम्ही एवढं पळता, यातून काय मिळतं? नोकरी?’

‘नाही गं.’

‘मग बक्षीस?’

‘नाही. उलट आपणच पैसे भरायचे.’

ती खो खो हसली. मीही हसले, पण घरी जाईपर्यंत ते डोक्यात राहिलं. माझं बोस्टन हुकलं तर मी हिरमुसेन, ग्रुपवर रडके इमोजी टाकेन, आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाईन. तिचे काही सेकंद हुकले तर घरचे पुन्हा स्थळं बघायला लागणार आहेत. हे तिनेच नंतर सांगितलं.

तिची वेळ दोन महिने एकाच जागी अडकली होती. मी तिला काकांकडे नेलं. काकांनी तिला तोच नियम सांगितला. आता आठवड्यातले चार दिवस ती आमच्याबरोबर सावकाश पाच किलोमीटर पळते आणि दोनच दिवस वेगात. पहिल्या दिवशी तिला राग आला होता. ‘असं फिरायला आल्यासारखं पळून मार्क पडतात होय?’ मागच्या आठवड्यात तिच्या ८०० मीटरमधले चार सेकंद कमी झाले. चारच. पण ती ते बोटांवर मोजून दाखवत होती.

परवा पळता पळता, आख्खी वाक्यं बोलत, तिने मला विचारलं, ‘ताई, तुमचा कटऑफ कधी लागतो?’

‘सप्टेंबरात. पण माझा नंबर यायला अजून दोन-तीन वर्षं.’

ती थोडा वेळ गप्प पळत राहिली. मग म्हणाली, ‘तुम्हाला तारीख तरी माहीत आहे.’

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आम्ही आणखी एक राउंड मारला.

सुरुवात करणार असाल तर

• पहिले तीन महिने घड्याळातला वेग बघूच नका. आख्खं वाक्य बोलता येतंय का, एवढंच तपासा.

• अंतर दर आठवड्याला थोडंच वाढवा आणि तीन आठवडे वाढवलं की चौथ्या आठवड्यात कमी करा.

• फुल मॅरेथॉनच्या आधी किमान एक-दोन हाफ पळा. मग फुलसाठी १६ ते १८ आठवड्यांचा सराव धरा.

• आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये वेग मंदावतोच. उकाड्यात हृदयाला जास्त काम पडतं. त्या दिवसांत वेळेचा विचार सोडून द्या, पाणी आणि मीठ-साखर सांभाळा.

• जेवण कमी करून वेग वाढत नाही. मुलींनी वर्षातून एकदा तरी हिमोग्लोबिन आणि शरीरातला लोहाचा साठा तपासून घ्यावा.

• एकाच जागी दुखत असेल आणि पळताना वाढत असेल तर थांबा. एक आठवडा सुट्टी परवडते, तीन महिने नाही. अनुभवाचे बोल!

• पहाटेच्या अंधारात मुलींनीच काय, मुलांनीही एकटं पळू नये. सोबत शोधा. सोबत बोलायला कुणी असलं की वेग आपोआप आटोक्यात राहतो.